गोदीतल्या क्रेनची लोड टेस्ट: हुकाखाली काय लटकवायचं आणि कुणी कुठे उभं राहायचं

रोजच्या कामात क्रेनला तिच्या क्षमतेपेक्षा एक किलोही जास्त उचलू द्यायचं नाही, असं आपण सगळ्यांना बजावत असतो. लोड टेस्टच्या दिवशी मात्र आपणच ठरवून जास्त वजन टांगतो. वर्षभराच्या कामात हा दिवस सर्वांत जोखमीचा, आणि नव्या सुपरवायझरच्या गळ्यात तो हमखास पडतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून बल्क जहाजावरची (सुटा माल नेणाऱ्या जहाजावरची) ३० टनी डेक क्रेन घेतली आहे. मुंबई किंवा मुरगावच्या धक्क्यावर असं जहाज नेहमी दिसतं. किनाऱ्यावरच्या क्रेनला, डेरिकला (जहाजावरचा जुन्या पद्धतीचा उचल-दांडा), विंचला (वायर गुंडाळणारं यंत्र) रीत तीच. फरक जिथे आहे तिथे सांगितला आहे.

१. टेस्ट लागणार आहे की नुसती तपासणी, हे आधी ठरवा

निम्मा गोंधळ इथेच होतो. गोदीतल्या कामासाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत आधार होता तो गोदी कामगार (सुरक्षा, आरोग्य व कल्याण) कायदा १९८६ आणि त्याखालच्या १९९० च्या विनियमांचा. त्यांच्या मागे आयएलओचा (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा) १९७९ चा करार क्रमांक १५२ आहे. उचल यंत्राची लोड टेस्ट तीन वेळा लागते: पहिल्यांदा वापरात आणताना, मोठी दुरुस्ती किंवा बदल झाल्यावर, आणि दर पाच वर्षांनी एकदा. त्याशिवाय दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून (या कामाची मान्यता असलेल्या तपासनिसाकडून) सखोल तपासणी. या वार्षिक तपासणीत जादा वजन टांगायलाच हवं असं नाही. तपासणाऱ्याला शंका आली तर तो मागेल, तेव्हा द्यायचं.

तरीही पुष्कळ ऑफिसांत ‘दरवर्षी ओव्हरलोड घ्या, म्हणजे कटकट नको’ असं चालतं. हे चुकीचं आहे. प्रत्येक जादा लोड लोखंडाला थोडा थकवतो, आणि वायर रोपच्या स्लिंगला (वजनाला बांधायच्या दोराला) तर फारच.

गोदीबाहेर, कारखान्याच्या आवारातल्या क्रेनला तेव्हा कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २९ लागायचं. त्यातही सखोल तपासणी बारा महिन्यांनीच. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने या दोन्ही कायद्यांची जागा घेतली. म्हणून प्रमाणपत्रावर कोणत्या कायद्याचा उल्लेख हवा, हे तुमच्या बंदरातल्या डॉक सेफ्टी इन्स्पेक्टरेटकडून आधी विचारून घ्या. टेस्ट झाल्यावर विचारलंत तर कागद पुन्हा करावे लागतील.

मोठी दुरुस्ती कशाला म्हणायचं? जिबला (क्रेनच्या लांब हाताला) वेल्डिंग, विंच बदलणं, ब्रेकचा मुख्य भाग बदलणं, पाया उकलून पुन्हा बसवणं, हे सगळं त्यात येतं. त्याच मापाची, प्रमाणपत्र असलेली नवी वायर चढवली तर सहसा येत नाही. पण ‘सहसा’ या शब्दावर भरवसा ठेवू नका, सक्षम व्यक्तीला लेखी विचारा.

२. टेस्ट लोड काढा

एसडब्ल्यूएल म्हणजे सुरक्षित कार्यभार, प्लेटवर कोरलेला आकडा. क्रेन, डेरिक, विंच यांसाठी:

- २० टनांपर्यंत: एसडब्ल्यूएलच्या २५ टक्के जास्त
- २० ते ५० टन: ५ टन जास्त
- ५० टनांच्या वर: १० टक्के जास्त

आपल्या ३० टनी क्रेनला ३५ टन. इथे घाईत ३० वर २५ टक्के चढवून ३७.५ टन काढणारे भेटतात. अडीच टन फुकट जास्त.

सुट्या सामानाचा हिशेब वेगळा, आणि त्याची टेस्ट क्रेनवर नव्हे तर टेस्ट बेडवर (सामान ओढून ताण देणाऱ्या यंत्रावर) होते. चेन, हुक, शॅकल (पिन घालून बंद होणारी लोखंडी कडी), रिंग, स्विव्हल (फिरती कडी) २५ टनांपर्यंत दुप्पट. त्यापुढे एसडब्ल्यूएल गुणिले १.२२ अधिक २०. म्हणजे साडेआठ टनी शॅकलला १७ टन, तर ५५ टनी शॅकलला ८७.१ टन. लिफ्टिंग बीम आणि स्प्रेडर (माल टांगायचे आडवे दांडे-चौकटी) १० टनांपर्यंत दुप्पट, १० ते १६० टनांत गुणिले १.०४ अधिक ९.६, म्हणजे ४० टनी बीमला ५१.२ टन. एका चाकाच्या पुली ब्लॉकला चौपट. अनेक चाकांच्या ब्लॉकला २५ टनांपर्यंत दुप्पट, त्यापुढे १६० टनांपर्यंत गुणिले ०.९३३ अधिक २७.

क्रेनचा आवाका (तिच्या पायापासून हुकापर्यंतचं आडवं अंतर) बदलत असेल तर प्लेट नीट वाचा. काही क्रेनना हुकावर एक आकडा असतो आणि ग्रॅबवर (सुटा माल उचलणाऱ्या पंजावर) कमी. लांब आवाक्यावर क्षमता उतरत असेल तर त्या आवाक्याचा टेस्ट लोडही वेगळा. एकच वजन सगळीकडे फिरवलं तर जिब जाईल.

३. हुकाखालचं सगळं सामान हिशेबात घ्या

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही आहे. क्रेन ३० टनी, म्हणून टेस्टला ३० टनी शॅकल आणि ३० टनी स्लिंग काढून दिले जातात. पण त्यांच्यावर येणार ३५ टन! क्रेनला कायद्याने जादा लोड झेलायची मुभा आहे, तुमच्या शॅकलला ती नाही. वजन आणि हुक यांच्या मधला प्रत्येक तुकडा ३५ टनांचा किंवा त्याहून वरचा हवा. बाजारात बो शॅकल २५ नंतर ३५ आणि मग ५५ टनांचा मिळतो. ३५ चा चालतो, पण ५५ चा घेतला तर मन शांत राहतं. मात्र त्याची पिन तुमच्या हुकात आणि लोड सेलच्या (टांगलेलं वजन मोजणाऱ्या उपकरणाच्या) डोळ्यात बसते का, हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष लावून पाहा.

दोन पायांची स्लिंग असेल तर कोन मोजा. ३५ टनांना दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर सुमारे २०.२ टन येतात, ९० अंशांना २४.७, आणि १२० अंशांना थेट ३५. पाय दोन आहेत म्हणून भार निम्मा होतो, हा समज काढून टाका.

दुसरा मुद्दा वजनाचा. रिकामी वॉटर बॅग (वजनासाठी पाणी भरायची पिशवी), शॅकल, लोड सेल, स्लिंग हे सगळं मिळून समजा ८०० किलो भरलं, तर तेही टेस्ट लोडमध्येच मोजायचं. हुकाच्या खाली जे जे आहे त्याची बेरीज ३५ टन व्हायला हवी. जहाजाच्या क्रेनवर आकडा हुकापासून खाली धरतात. मोबाइल क्रेनवर मात्र हुक ब्लॉकचं वजनही क्षमतेतून वजा होतं, तिथे लोड चार्ट बघा.

शॅकलची पिन हरवली म्हणून साधा बोल्ट घातलेला दिसला तर तो शॅकल तिथेच बाजूला काढा. बोल्ट मापाने बसतो, पण पिनच्या पोलादाची ताकद त्याच्यात नसते.

४. कागद गोळा करा

- गिअर रजिस्टर (उचल सामानाची नोंदवही) आणि मागचं टेस्ट प्रमाणपत्र
- क्रेनचं मॅन्युअल, लोड चार्ट, रिगिंग प्लॅन
- सध्या चढवलेल्या वायरचं प्रमाणपत्र (व्यास, रचना, तुटण्याचा भार)
- टेस्टला वापरणार त्या प्रत्येक शॅकल, स्लिंग, बॅगचं प्रमाणपत्र
- लोड सेलचं कॅलिब्रेशन, मुदतीतलं
- सक्षम व्यक्तीचं मान्यतापत्र
- वर्क परमिट, जोखीम पत्रक, बंदराची परवानगी

मान्यतापत्रावर दोन गोष्टी पाहा: मुदत, आणि नेमक्या कोणत्या उपकरणासाठी मान्यता आहे ते. कारखान्यातल्या प्रेशर व्हेसलसाठी मान्यता असलेला माणूस जहाजाच्या क्रेनवर सही करू शकत नाही.

मग रजिस्टर घेऊन क्रेनपाशी जा आणि शॅकलवर ठोकलेला नंबर कागदाशी ताडून बघा. खोलीत बसून केलेली जुळवणी कामाची नाही. रंगाखाली नंबर दडलेला असतो, वायर ब्रशने घासावा लागतो. नंबर सापडला नाही तर ते सामान प्रमाणपत्र नसल्यासारखंच धरा.

५. वजन कशाचं: ठोकळे की वॉटर बॅग

पहिली टेस्ट खऱ्या वजनानेच करायची. पाच वर्षांच्या फेरटेस्टला काही वेळा स्प्रिंग किंवा हायड्रॉलिक बॅलन्स लावून घेतात. त्याची अचूकता अडीच टक्क्यांच्या आत हवी आणि काटा किमान पाच मिनिटं जागचा हलता कामा नये. पण बोलार्डला (दोर बांधायच्या खुंटाला) बांधून ओढण्याची युक्ती टाळा. त्यात स्लूइंग (क्रेन आडवी फिरवणं) तपासलं जात नाही, लफिंगही (जिब वर-खाली करणं) नाही. वायर तिरकी गेली तर जिबवर आडवा ताण येतो, आणि बोलार्डची स्वतःची ताकद बहुधा कुणालाच माहीत नसते.

काँक्रीटचे किंवा लोखंडी ठोकळे असतील तर प्रत्येकाची वे-ब्रिजची चिठ्ठी हवी. ‘हा पाच टनी ठोकळा’ असं मुकादमाने सांगणं पुरेसं नाही. मॅनिफेस्टवरचं वजन धरून मालाची कॉइल टांगणंही चालत नाही.

जहाजावर वॉटर बॅग सोयीची, कारण वजन हळूहळू चढतं आणि काही बिघडलं तर पाणी सोडून देता येतं. त्यातले सापळे असे:

समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा जड असतं, घनमीटरला साधारण १.०२५ टन. फ्लो मीटर बघून ३५ घनमीटर भरलंत तर पाणीच ३५.९ टन झालं; वर ८०० किलो सामान. हुकावर ३६.७ टन आले आणि कुणाला पत्ताही नाही. म्हणून लोड सेलचा आकडा प्रमाण. फ्लो मीटर फक्त पडताळ्यापुरता.

भरलेली ३५ टनी बॅग खालपासून वरपर्यंत सात मीटरच्या आसपास जाते. तेवढी उंची जिब आणि डेक यांच्यामध्ये मिळते का, ते आधी मोजा. बॅग हॅच कोमिंगच्या (मालाच्या खणाच्या तोंडाभोवतीच्या लोखंडी भिंतीच्या) कडेला किंवा रेलिंगला घासली तर फाटते. शक्यतो समुद्राच्या बाजूला, पाण्यावर टांगा. आणि खाली बार्ज, लाँच, मासेमारीची होडी नाही हे कुणीतरी सतत बघत राहायला हवं.

पाणी सोडायच्या व्हॉल्व्हची दोरी माणसाच्या हाती येईल अशी, पण लोडच्या खाली जावं लागणार नाही अशी बांधा. साध्या होजने बॅग भरायला दीड-दोन तास लागतात. त्या वेळात हवा बदलू शकते, हे वेळापत्रकात धरा.

६. रिकाम्या हुकाने आधी सगळं चालवून बघा

लिमिट स्विच तपासा: हुक वर थांबतो का, जिब वर आणि खाली थांबते का. हुक सर्वांत खाली असताना ड्रमवर किमान तीन वेढे शिल्लक हवेत. इमर्जन्सी स्टॉप दाबून बघा.

मग वायर. क्रेन बंद, हातात चामडी हातमोजे, आणि एकेक भाग थांबवून बघायचा. चालत्या वायरवर हात नाही. वायरच्या व्यासाच्या दहापट लांबीत तुटलेल्या तारा एकूण तारांच्या ५ टक्क्यांहून जास्त असतील तर ती वायर बाद. समजा २८ मिलिमीटरची ६×३६ वायर आहे. सहा पेडांत ३६ प्रमाणे २१६ तारा, त्याचे ५ टक्के १०.८. म्हणजे २८० मिलिमीटरच्या तुकड्यात अकरावी तुटकी तार दिसली की काम थांबलं. हा तुकडा सगळ्यात वाईट दिसतो तिथला घ्यायचा: पुलीवरून सतत वळणारा भाग, ड्रमवर एक थर दुसऱ्यावर चढतो ती जागा, आणि टोकाचा सॉकेट. ग्रीसचा जाड थर असेल तर तो आधी पुसा, कारण गंज आणि तुटक्या तारा त्याखालीच असतात.

हुकाची खूण-मापं याच वेळी घ्या. हुकाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना सेंटर पंचच्या खुणा असतात. कॅलिपरने त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या दशांशापर्यंत लिहून ठेवा. नवव्या पायरीला हा आकडा लागणार आहे. खुणा नसतील तर सक्षम व्यक्तीला विचारा. स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन हुकावर ठोकू नका.

आता लोड लिमिटर. क्षमतेच्या वर गेलं की तो क्रेन थांबवतो, त्यामुळे टेस्टसाठी तो तात्पुरता बायपास करावा लागतो. हे काम मॅन्युअलप्रमाणे, जहाजाच्या इंजिनिअरनेच करायचं. कोणी, किती वाजता, कोणत्या चावीने किंवा जोडणीने बायपास केला, हे परमिटवर लिहायचं. क्रेनच्या केबिनमध्ये लाल टॅग लटकवा.

७. जहाज आणि माणसं

चीफ ऑफिसरकडून स्थैर्याचा हिशेब लेखी घ्या. ३५ टन २६ मीटर बाहेर गेले की ९१० टन-मीटरचा मोमेंट होतो. जहाज मोठं आणि बॅलास्टमध्ये (माल नसताना स्थैर्यासाठी टाक्यांत पाणी भरलेलं) असेल तर कल अंशभरही होत नाही, लहान जहाजावर मात्र तो जाणवतो. डेक क्रेन साधारण ५ अंश आडव्या आणि २ अंश लांबीच्या कलासाठी बनवतात. आपला मॅन्युअलमधला आकडा बघा. टेस्ट चालू असताना बॅलास्ट पंप बंद. मुरिंग दोऱ्यांवर माणूस ठेवा आणि गँगवेवरची ये-जा थांबवा.

वाऱ्याची मर्यादाही मॅन्युअलमधलीच. पावसाळ्यात झोत अचानक येतो आणि बॅगेचा आकार शिडासारखा असतो. आकाश काळवंडलं तर टेस्ट दुसऱ्या दिवशी.

घेरा कितीचा? लोडच्या खालची जागाच नव्हे, जिब पडली तर पोहोचेल तेवढी. शिवाय वायरच्या सरळ रेषेत कुणी नको. तुटलेली वायर मागे झटका मारते, म्हणून विंचच्या ड्रमसमोर आणि लीड ब्लॉकच्या (वायरची दिशा वळवणाऱ्या पुलीच्या) कोनात उभं राहायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढायला नेमकी हीच जागा लोकांना आवडते.

सिग्नल देणारा एकच. खलाशी जुन्या सवयीने ‘हाबेस’ म्हणजे उचल आणि ‘आरिया’ म्हणजे सोड असे पुकारे देतात, आणि क्रेन ऑपरेटर जहाजाचा, बहुधा परदेशी. त्याला यातलं काही कळत नाही. म्हणून हाताच्या खुणा किंवा वॉकीटॉकीचे शब्द कामाआधी दोघांनी मिळून एकदा म्हणून दाखवायचे. थांबण्याची खूण मात्र कुणीही द्यावी, आणि ती कुणीही दिली तरी ऑपरेटरने थांबायचं.

८. प्रत्यक्ष टेस्ट

बॅग टांगून भरायला सुरुवात करा. एक चतुर्थांश, अर्धं, पाऊण, मग ३० टन. प्रत्येक टप्प्याला पाणी बंद करून थांबा. क्रेनच्या पायाकडून कुरकुर येते का, हायड्रॉलिकचं तेल गळतं का, हुक हळूच खाली घसरतोय का, ते बघा. हुक घसरतोय हे डोळ्यांना कळत नाही. लोडला बांधलेल्या दोरीला खूण करा आणि रेलिंगच्या पातळीशी ताडून बघा.

३५ टन झाले की किमान पाच मिनिटं स्थिर ठेवा. त्यानंतर हळू वेगाने हालचाली: उचलणं, उतरवणं, उतरवताना थांबवून ब्रेक बघणं, मग स्लूइंग, मग जिब सर्वांत लांब आणि सर्वांत जवळ. वीज गेली तर ब्रेक लोड धरतो का, हे पुरवठा तोडून बघायचं. पण लोड पाण्यापासून किंवा डेकपासून हातभर उंचीवर असतानाच. पूर्ण वेगात झटका देऊन थांबवणं हा शूरपणा जिबच्या मुळावर येतो.

डेरिक असेल तर बूम आडव्याशी १५ अंशांवर, किंवा प्लॅनमध्ये मंजूर असलेल्या सर्वांत खालच्या कोनात. हायड्रॉलिक क्रेनचा दाबच मर्यादित असेल आणि ती २५ टक्के जादा उचलूच शकत नसेल, तर ती जास्तीत जास्त जेवढं उचलेल तेवढ्यावर टेस्ट घेतात, पण ते एसडब्ल्यूएलपेक्षा किमान १० टक्के जास्त हवं. रिलीफ व्हॉल्व्हचं (दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचं) सेटिंग वाढवून आकडा गाठायचा नाही.

९. उतरवल्यावरची तपासणी

वजन झेललं म्हणजे क्रेन पास, असं नाही. नियमाला हवी आहे टेस्ट आणि नंतरची सखोल तपासणी, दोन्ही. हुकाच्या खुणांमधलं अंतर पुन्हा मोजा. आधीच्या आकड्यात फरक पडला असेल तर हुक वाकला आहे आणि तो बाद. शॅकलची पिन हाताने फिरते का बघा, अडकली तर ताण खाल्लाय. जिबच्या वेल्डवरचा रंग तडकला आहे का, पायाचे बोल्ट ढिले आहेत का, पुलीचं चाक एका बाजूला झिजलं आहे का. रंगाला बारीक केसासारखी रेघ दिसली तर तिथे रंग खरवडून डाय पेनेट्रंट (बारीक तडे उघड करणारं रंगीत द्रव) लावून घ्या. सक्षम व्यक्ती खाली डेकवरूनच सही करायला निघाली असेल, तर शिडी लावून द्या.

सापडलेला दोष वेल्ड करून लगेच झाकायचा नाही. हुकावर, शॅकलवर वेल्डिंग मुळीच नको. जिबवर करायचं तर मंजूर पद्धतीने, आणि मग पुन्हा दुसऱ्या पायरीपासून.

१०. शिक्का, रजिस्टर, लिमिटर

प्रमाणपत्रावर टेस्ट लोड, आवाका, तारीख, लोड सेलचा क्रमांक, सगळं तपासून घ्या. एसडब्ल्यूएलच्या रकान्यात ३५ टाइप झालेलं सापडतं. ते टेस्ट लोडचं आहे, क्षमता ३० च. ही चूक राहून गेली तर पुढच्या बंदरात कुणीतरी खरंच ३५ टन उचलेल. रजिस्टरमध्ये नोंद त्याच दिवशी करा. जिबवरचा आकडा धूसर झाला असेल तर पुन्हा रंगवा.

बॅगेतलं पाणी पूर्ण सोडल्याशिवाय ती डेकवर घेऊ नका. तळाला राहिलेल्या दोन टन पाण्याने बॅग सरकते आणि माणूस हॅचच्या कडेला चेपला जातो. बॅग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून घडी घाला.

आणि परमिट बंद करण्याआधी इंजिनिअरला केबिनमध्ये घेऊन जा. बायपास काढला, लिमिटर पुन्हा चालू झाला, त्याची चाचणी झाली, हे डोळ्यांनी बघा. लाल टॅग स्वतःच्या हाताने काढा, परमिटला टोचा, मग सही करा.